तीन बॅक आणि तंजावूरची गाडी

तुळज्या, वाद अर्धा टाकून उठणं तुझ्या स्वभावात नव्हतं. घरून काशीचा निरोप यायचा की पान वाढलंय, भात निवतोय, तरी तू हात वर करून म्हणायचास, "थांब, ह्याला एवढें पटवून येतों." मी कधी पटलो नाही आणि तू कधी वेळेवर जेवला नाहीस. आज तुझा तेरावा झाला. पाहुणे दुपारच्या गाडीने गेले. आणि आपल्या भांडीवाल्यांच्या फुटबॉल टीमने दोन बॅक खेळवावेत की तीन, ह्याचा निकाल अजून लागलेला नाही.

तेराव्याच्या पंगतीत तुझे विणकर सोसायटीतले साहेब तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते. साडीतला तुटका धागा तुझ्या नजरेतून सुटत नसे, म्हणे. मी मनात म्हटलं, ह्यांनी तुला मैदानावर बघायला हवं होतं. गोलामागे उभा राहून तू आपल्याच बॅकांची कुळं उद्धरायचास ते ऐकलं असतं तर तिरुभुवनमची नोकरी तुला मिळाली नसती.

मी तुला कधी भावजी म्हटलं नाही. शाळेपासूनचा तू तुळज्या. माझ्या बहिणीशी, काशीशी, तुझं लग्न लागलं तेव्हा आईने मला बजावलं, आता अहोजाहो करायचं. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मॅच होती.

तेव्हा आपली टीम म्हणजे गावातली मंडळी, हौसेने खेळणारी. पुढे पितळेच्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी ती उचलली, मद्रास-बेंगळुरूहून पगारी खेळाडू आणले, आणि गेल्या साली जोसेफ मास्तरांना कोच म्हणून आणलं. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. त्याने पहिल्याच महिन्यात सेंटर हाफ मागे ओढला आणि दोन बॅकांच्या मधे उभा केला. झालं. तुझ्या घरात जणू कुणी देव हलवला. दुसऱ्या दिवशी चौकातल्या कॉफी क्लबात तू पानाच्या डब्यातली सुपारीची खांडं काढून बाकावर मांडलीस. चुन्याची डबी म्हणजे गोलकीपर.

"बघ," तू म्हणालास. "दोघे असतात तेव्हां दोघांनाही ठाऊक असतें, चेंडू कोणाचा. तिसरा आला कीं तिघेही एकमेकांकडे बघतात. तीन तिगाडा, काम बिगाडा."

"आणि दोघांच्या मधून बैलगाडी जाते त्याचं काय?"

"जाऊं दे. सेतुराम आहे."

सेतुराम आपल्या मराठी गल्लीतला, आपल्यातला. तिशी ओलांडलेला, अजून अनवाणी खेळणारा लेफ्ट बॅक. तुझा त्याच्यावर इतका भरवसा की दोन काय, एकटा सेतुराम उभा केला असता तरी तू खूश झाला असतास. मला मात्र मास्तरांचं पटलं होतं. खरं सांगू? आधी पटलं नव्हतं. तू विरुद्ध बोललास म्हणून पटलं. मग बोलता बोलता माझाच विश्वास बसला, आणि मी तीन बॅकांचा वकील झालो.

एकदा मास्तर स्वतः क्लबात आले होते, आठवतं? तू संधी सोडणार थोडाच. त्यांच्या समोर जाऊन बसलास आणि तमिळमधून अर्धा तास त्यांना त्यांचंच काम शिकवलंस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी कॉफीचा टंबलर खाली ठेवून एवढंच म्हणाले की गोल झाल्यावर भोक सगळ्यांना दिसतं, मला ते आधी दिसावं लागतं, आणि दिसलं तरी बुजवायला कधी कधी वेळ नसतो. तू परत येऊन म्हणालास, माणूस बरा आहे पण अपशकुनी बोलतो. मी हसलो. मला तेव्हा ते फक्त फुटबॉलबद्दलच वाटलं.

भोक मला सेमीफायनलला दिसलं. आपली जागा आपल्याच गोलामागे, डाव्या खांबापाशी, सेतुरामच्या पाठीशी. का, तर त्याला सूचना द्यायच्या. मैदानावर सगळे तमिळ बोलणार, बेंगळुरूवाले कानडी नाही तर इंग्रजी. आपण मराठीत ओरडायचं. "सेतू, मागें कोणी आहे!" "पुढें जाऊं नको!" कुणाला पत्ता लागत नसे. आपल्या बापांनी हेच केलं, आपण हेच केलं. घरात बोलायची भाषा मैदानावर न्यायची आणि चारचौघांत गुपित बोलायचं, ह्याची आपल्याला केवढी ऐट! भाषेप्रमाणे राज्यं करणार अशी चर्चा पेपरात येते तेव्हा तू म्हणायचास, आपल्या भाषेचं राज्य डाव्या खांबापासून कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत.

हाफटाइमला बाजू बदलली की आपणही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागे जायचो. इतकी वर्षं ते अंतर कधी जाणवलं नाही. त्या दिवशी तू मधेच थांबलास. मग पुन्हा थांबलास. तिसऱ्यांदा खाली वाळूतच बसलास आणि चप्पल झटकत राहिलास. खडा गेलाय म्हणालास. मी बघत होतो. चपलेत खडा नव्हता. तुझा डावा हात काखेत दाबलेला होता आणि वरच्या ओठावर घाम आला होता. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, आणि पहिल्यांदाच आपण दोघे सेतुरामच्या पाठीशी नव्हतो.

नंतर महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तू कबूल केलंस. महिना झाला होता. जिना चढताना, बस पकडताना, एकदा नुसतं पाणी पिताना. "काशीला बोललास तर बघ." मी म्हटलं, तंजावूरला मोठा डॉक्टर आहे, उद्या जाऊ. तेव्हा तू जे बोललास ते इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हतास. तुझ्या वडिलांना तू असंच त्या गाडीने नेलं होतंस. सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनात गाडी थांबली. त्यांनी पाणी मागितलं. तू तांब्या घेऊन खाली उतरलास आणि भरून परत आलास तेवढ्यात संपलं होतं. "ती गाडी मला नको," तू म्हणालास. "दुसरें कांही सांग."

मी दुसरं काय सांगणार? मी रागावलो. भीती वाटली की मला राग येतो, हे तुला ठाऊक होतं. तुला भित्रा म्हणालो. माझ्या बहिणीचं काय करायचं ठरवलंयस, असंही म्हणालो. ते शब्द परत घेता आले तर फार बरं होईल.

फायनलच्या आधीच्या शुक्रवारी तू क्लबात आलास तो तोडगा घेऊनच. माझ्या समोर बसलास, सुपारी काढली नाहीस.

"ऐक. रविवारीं तुझ्या तीन बॅकांतून एकही गोल शिरला नाहीं, तर सोमवारच्या पहिल्या गाडीनें मी तंजावूरला येतों. तोंडातून शब्द काढणार नाहीं. आणि शिरला, तर डॉक्टराचें नांव तूं पुन्हा घ्यायचें नाहीं. मजपाशीं नाहीं, काशीपाशीं नाहीं, कोणापाशींच नाहीं."

"हा काय पोरखेळ आहे?"

"भिलास? मग तीन बॅक कशास धरून बसलास इतके दिवस?"

तुला मी चांगला ठाऊक होतो. तुझ्या जिवावरची गोष्ट होती आणि मी डिवचला गेलो. त्यात त्या सबंध स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नव्हता. मी मनाशी म्हटलं, एकदाचा ह्याला गाडीत बसवायचा असेल तर हाच रस्ता. आपण गल्लीतल्या विठोबासमोर जाऊन आण घेतली. तू हसत होतास. हात जोडताना तुझी नखं मला निळसर दिसली, आणि मी ते देवळातल्या उजेडावर ढकललं.

फायनल तंजावूरच्या टीमशी होती. मैदानाशेजारच्या नदीला अजून पाणी आलं नव्हतं. पात्रातली वाळू तापलेली, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि इतकी माणसं जमूनही मैदानावर आवाज नव्हता. तुला मी हाफटाइमला वळसा घालू दिला नाही. सुरुवातीपासून एका गोलामागे तू, आणि मी दुसऱ्या, असं म्हणत होतो, पण तू ऐकलं नाहीस. मग आपण उत्तरार्धात जिकडे आपला गोल येणार तिकडेच आधीपासून जाऊन उभे राहिलो. पूर्वार्धभर समोरच्या टीमचा गोल बघत. लोक विचारत होते, काय हो, बाजू बदलली की काय.

तीन बॅकांनी त्या दिवशी जो खेळ केला तो तू मान्य केला असतास. केलासच. तासाभराचा खेळ झाल्यावर न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तुझा मास्तर शहाणा आहे रे." मला वाटलं, तुला तंजावूरला जायचंय. हरायचंय. तुझ्या हाताचा भार नेहमीपेक्षा जास्त होता. मी एका डोळ्याने खेळ आणि एका डोळ्याने तुला बघत होतो. दहा मिनिटं उरली. सोमवारच्या गाडीला कोणता डबा रिकामा असतो ह्याचा विचारसुद्धा मी करून ठेवला होता.

मधला बॅक लंगडायला लागला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं. चेंडू उजवीकडे होता. मला वाटलं, आता मधून येणार, आता सगळं जाणार. मी जीव खाऊन ओरडलो.

"सेतू! मधें ये! मधला लंगडतो! डावीकडचें राहूं दे, मधें ये!"

सेतुराम आला. वीस वर्षांत त्याने आपल्या आवाजावर कधी शंका घेतली नव्हती. आणि त्याच्या समोरचा तंजावूरचा विंगर, दिवसभर मुका असल्यासारखा खेळणारा, त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. शांतपणे बघितलं. मग हात वर करून आपल्या माणसाला म्हणाला, "इकडे टाक रे. अस्कें मोकळें आहे."

सगळें नव्हे, अस्कें. आपल्या मराठीत. आपल्याच घरातल्या मराठीत, तुळज्या. तंजावूरची टीम! जिथून आपली भाषा इकडे आली, जिथे राजवाड्याभोवती गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या माणसांच्या, तिथल्या माणसांना मराठी कळणार नाही अशी माझी समजूत. कुणाला सांगितलं तर हसून हसून लोळेल. पेपरवाल्याने दुसऱ्या दिवशी छापलं की डावी बाजू अचानक उघडी पडली. ती कुणी उघडली ते फक्त चौघांना ठाऊक होतं.

चेंडू जाळीत जाऊन आपल्या पायांपाशी थांबला. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, तू हसशील, माझी जन्मभराची थट्टा मांडशील. तू चेंडूकडे बघत होतास. मग म्हणालास, "चल. जेवायची वेळ झाली." आणि घरापर्यंत तीन वेळा थांबलास.

थट्टा तू नंतर केलीस, दोन दिवसांनी, क्लबात सगळ्यांसमोर. "आमच्या मेहुण्याने घातलेला गोल." लोक हसले, मीही हसलो. पण मला आत फार लागलं होतं. ज्या तोंडाने तो गोल घातला ते तोंड आता बंद ठेवायचं, असं मी ठरवलं. जन्मभर मी इतके शब्द मोडले की मोजदाद नाही. एकदा तरी पुरुषासारखा शब्द पाळून दाखवतो, विठोबासमोर घेतलाय. असला मूर्खपणा. मी त्याला निष्ठा समजत होतो.

नंतरचे चार आठवडे मी सगळं बघितलं. तू बसमधून एक स्टॉप आधी उतरायला लागलास, कारण तिथून चढ नाही. क्लबात भिंतीला टेकायची जागा मिळावी म्हणून माझ्या आधी यायला लागलास. कॉफी अर्धी ठेवायला लागलास. नदीला पाणी आलं तेव्हा सगळं गाव घाटावर गेलं, तू ओट्यावरून विचारलंस, "किती आलें?" मी प्रत्येक वेळी बघितलं आणि प्रत्येक वेळी तीन बॅकांबद्दल काहीतरी बोललो. तूही बोललास. मास्तरांना काढून टाकणार अशी बोलवा होती, तर तूच त्यांच्या बाजूने भांडायला लागलास, आणि मी उगाच विरुद्ध पक्ष घेतला. बाजू बदलल्या तरी वाद तोच.

एकदा तू मधेच थांबून विचारलंस, "तुला कांही बोलायचें आहे कां?"

"मला? नाही."

"खरेंच नाहीं?"

"आण घेतलीय," मी म्हणालो. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस, ती थट्टेची समजून मी उठलो आणि पोस्टात कामावर गेलो.

तमिळ आडी महिना लागला आणि पहिल्याच आठवड्यात तू गेलास. त्याबद्दल मी लिहिणार नाही. काशीची हाक मी पोस्टात ऐकली असं मला वाटतं, आणि ते शक्य नाही. एवढंच.

आज पाहुणे गेल्यावर आम्ही दोघेच होतो. काशी पितळेची भांडी पुसून फळीवर लावत होती. सहज बोलायला लागली, तुझ्याबद्दल बोलायला तिला कुणी हवं होतं.

"अण्णा, एक विचारूं? आडी लागायच्या आधल्या गुरुवारीं तुम्हां दोघांना तंजावूरला मॅचला जायचें होतें कां?"

मी म्हटलं, का?

"त्यांनी रजा टाकली होती त्या दिवशीं. मज कांही सांगटलें नाहीं. धुतलेला सदरा घातला, पिशवी घेतली, चपला घालून ओट्यावर बसले. मी विचारलें, कोठें? तर म्हणाले, तुझा अण्णा येईल आता. मला धरून तंजावूरला नेईल. गेले चार आठवडे दांत दाबून बसला आहे, आज त्याला राहवणार नाहीं. आठाची गाडी गेली. मी म्हटलें, आंत या, ऊन आलें. म्हणाले, अकराची आहे नां. अकराची गेली तेव्हां चपला काढल्या. जेवले."

तुळज्या, तू त्या गाडीत बसायला तयार झाला होतास. माझ्याखातर की काशीखातर, कोण जाणे. फक्त स्वतःहून निघणं तुला जमत नव्हतं. मागून कुणीतरी ढकलणारा हवा होता, आणि तो मी असेन असं तू धरून चाललास. मी शब्द मोडेन, एवढी माझी खात्री तुला होती. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

मग मी शब्द मोडला. तुझ्या तेराव्याला. काशीला सगळं सांगितलं: वाळूतली चप्पल, तळ्याच्या पायऱ्या, पैज, आण, माझी हाक, गोल. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. ती रडेल, मला बोलेल, घरातून जा म्हणेल, असं वाटत होतं, आणि त्यातलं काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने एकच विचारलं.

"मग त्या गुरुवारीं तूं कां आला नाहींस?"

पोस्टात जायला मी तुझ्याच गल्लीतून जातो. त्या गुरुवारी कोपऱ्यावरून मला तू दिसलास, ओट्यावर, कामाच्या वेळी, धुतलेल्या सदऱ्यात, पायांत चपला. तुझा चेहरा जवळून बघितला तर मला गप्प राहवणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी वळलो आणि देवळामागच्या बोळातून गेलो.

"आलो होतो," मी काशीला म्हणालो. "कोपऱ्यापर्यंत आलो होतो."